गोलबोर्न रोडवरचा स्टॉल

नमस्कार. आपल्याकडे जुनी गाणी पुन्हा काढण्याच्या धंद्याला फारशी इज्जत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्यांची चूक नाही. तीच वीस गाणी, वर 'सदाबहार' असं काहीतरी, मुखपृष्ठावर गायकाचा फोटो. सारंगी कोणाची, साल कुठलं, हे विचारायचं नाही. म्हणून याच धंद्यातल्या लंडनच्या एस रेकॉर्ड्सची (पत्त्यातला एक्का तो एस) पहिली सीडी हातात आली, तेव्हा मी गाणी बाजूला ठेवून आतली पुस्तिकाच वाचत बसलो. चहा गार झाला.

या कंपनीचं मूळ बाजारात आहे. टेड कॅरल हा डब्लिनचा माणूस. १९७१ मध्ये त्याने पश्चिम लंडनमधल्या गोलबोर्न रोडवर, जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजाराच्या मागच्या अंगाला, रेकॉर्डचा स्टॉल टाकला. नाव 'रॉक ऑन'. इंग्लंडात मिळेनाशा झालेल्या रॉक अँड रोलच्या रेकॉर्डी तिथे मिळायच्या. थिन लिझी या आयरिश बँडचं व्यवस्थापनही तो बघायचा. त्यांच्या १९७३ च्या एका गाण्यात या स्टॉलचं नावच आलंय. इतकी स्वस्त जाहिरात आजवर कोणाला मिळाली नसेल! मग सोहोत दुसरा स्टॉल, १९७५ मध्ये कॅम्डेन टाऊनला दुकान, आणि जोडीला रॉजर आर्मस्ट्राँग.

मोठ्या कंपनीतल्या साहेबापुढे विक्रीचे आकडे असतात. पण जी रेकॉर्ड बाजारातच नाही, तिचा आकडा शून्यच येणार. 'अमुक आहे का हो?' असं विचारून रिकाम्या हाताने परत जाणारं गिऱ्हाईक फक्त स्टॉलवाल्याला दिसतं. एसची पुढची सगळी वाटचाल मला तरी या परतणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे मागे झालेली दिसते.

आधी १९७५ मध्ये त्यांनी नव्या बँडसाठी 'चिझिक' हे लेबल काढलं. पुढे 'क्लॅश' या बँडमुळे गाजलेला गायक जो स्ट्रमर त्याआधी ज्या बँडमध्ये होता, त्या बँडची सिंगल (एका गाण्याची छोटी रेकॉर्ड) इथली. मोटरहेड या रॉक बँडचा पहिला अल्बमही इथलाच, १९७७ चा. तो भाग रंजक आहे, पण आजचा आपला विषय नाही. १९७८ मध्ये जुन्या संगीतासाठी वेगळं नाव घेतलं, तेच एस. गंमत म्हणजे नावही जुनंच. मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी जॉनी व्हिन्सेंटचं एस नावाचं लेबल होतं. आधी ब्रिटनमध्ये ते नाव वापरायची परवानगी घेतली, गाण्यांचे हक्क नंतर आले.

आता हक्क मिळवणं म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा काढणं. छोटं लेबल बंद पडलेलं, मालक वारलेला, मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपा एकाकडे, करार दुसऱ्याकडे, आणि तिसरा म्हणतो सगळं माझंच. मोठ्या कंपन्यांत मुरलेला ट्रेव्हर चर्चिल हा त्यांचा तिसरा भागीदार, आणि असले गुंते सोडवायला असाच माणूस लागतो. लॉस एंजेलिसच्या बिहारी बंधूंचं 'मॉडर्न' लेबल घ्या. (नाही, आपल्या बिहारशी काही संबंध नाही. हा प्रश्न दरवेळी येतो.) बी. बी. किंग, जॉन ली हूकर, एल्मोर जेम्स, एटा जेम्स, अमेरिकेतले हे मोठे ब्लूज गायक सगळे तिथे गायलेले. एसने आधी ही गाणी परवान्यावर काढली. १९९० च्या सुमारास तो खजिना विकला गेला, तेव्हा घेणाऱ्यांत एसही होती.

त्या सातबाऱ्यावर भलतीच नावं चढलेली होती. किंगच्या कितीतरी गाण्यांवर सहगीतकार म्हणून टाऊब, जोसिया, लिंग अशी नावं छापलेली आहेत. ती बिहारी बंधूंचीच टोपणनावं. रॉयल्टीतला अर्धा वाटा घरात राहावा म्हणून केलेली सोय! किंगच्या पदरी मग काय पडलं असेल, ते तुम्हीच ताडा.

एसचं 'ग्लोबस्टाइल' हे जगभरच्या संगीताचं लेबल. १९८७ मध्ये लंडनच्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये काही छोट्या लेबलवाल्यांनी बसून 'वर्ल्ड म्युझिक' हा शब्द धंद्यासाठी ठरवला. त्या बैठकीत आर्मस्ट्राँग होता. म्हणजे दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायचं, या अडचणीतून हा शब्द रुजला. मला तो आवडत नाही, पण स्टॉलवाल्याची अडचण कळते.

माझं मन खरं रमतं ते एसच्या 'केंट' या लेबलमध्ये. हेही बिहारी बंधूंचंच एक जुनं नाव, १९८२ मध्ये एसने पुन्हा वापरात आणलेलं. उत्तर इंग्लंडातली तरुण पोरं विगन कसिनो या नाचघरासारख्या ठिकाणी रात्रभर नाचायची, आणि नाचायची ती अमेरिकेत साफ आपटलेल्या सोल गाण्यांवर (सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकप्रिय संगीत). गाणं जितकं दुर्मिळ, तितका डीजेचा भाव मोठा. दुसऱ्याला कळू नये म्हणून रेकॉर्डच्या लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगायचे! फ्रँक विल्सनची १९६५ ची एक सिंगल २००९ मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. तुमच्या-माझ्यासारख्याने काय करायचं? एडी क्रोस्डेलने केंटसाठी अशीच दुर्मिळ गाणी रीतसर हक्क घेऊन साध्या एल.पी.वर आणली. खोट्या नावांच्या त्या जगात मागच्या बाजूला खरी माहिती छापली. काही डीजेंना ते झोंबलं असणार.

क्रोस्डेल लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, हंड्रेड क्लबच्या तळघरात, सोलच्या रात्री भरवायचा. काय चालतं हे त्याला नाचणाऱ्यांच्या पायांवरून कळायचं. तोच अमेरिकेत जाऊन टेपांचे डबे उघडायचा. एका डब्यात मेल्बा मूरचं 'मॅजिक टच' निघालं. साठच्या दशकात ध्वनिमुद्रित झालेलं आणि तेव्हा बाहेरच न आलेलं. म्हणजे हे गाणं मागायला स्टॉलवर कोणी येणंच शक्य नव्हतं. त्याची सिंगल निघाली ती त्या तळघरातल्या रात्रींच्या वर्धापनदिनासाठी, आणि वीसेक वर्षं डब्यात पडून राहिलेल्या त्या गाण्यावर लोक नाचले.

तेच लावतो आता. सुरुवातीला जी खरखर ऐकू येईल ती माझ्या सुईची आहे, त्यांच्या टेपची नाही.