गेटमाउथ ब्राउन : ब्लूजवाला म्हटलेलं न आवडणारा गिटारिस्ट

आत्ता जे वाजलं ना, ते गेटमाउथ ब्राउनचं 'ओकी डोकी स्टॉम्प', १९५४ चं रेकॉर्डिंग, जेमतेम अडीच मिनिटांचं. गाणं नाही त्यात, नुसती गिटार आणि मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा. आता मला सांगा, यात कुठे रडगाणं आहे? आपल्याकडे ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते संगीत, म्हटलं की दुःखी, दारू प्यायलेला, एकटा माणूस डोळ्यासमोर येतो, आणि क्लॅरेन्स 'गेटमाउथ' ब्राउनला नेमकी हीच गोष्ट आवडायची नाही. तो म्हणायचा माझं संगीत अमेरिकन, टेक्सास स्टाइलचं, मला ब्लूजवाला म्हणू नका.

आणि त्याचं बरोबरच होतं. जन्म १९२४ चा, लुइझियानातल्या व्हिंटनचा, आणि वाढला हद्दीपलीकडे टेक्सासमध्ये, ऑरेंज नावाच्या गावात. म्हणजे एका बाजूला फ्रेंच बोलणाऱ्यांचं केजन संगीत, दुसऱ्या बाजूला काउबॉय लोकांचं कंट्री आणि रेडिओवर काउंट बेसीचा बिग बँड, म्हणजे जॅझचा मोठा वाद्यवृंद. वडील रेल्वेत कामाला होते पण सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन फिडल वाजवायचे, फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्य तेच फक्त वाजवायची तऱ्हा वेगळी, आणि हा पोरगा लहानपणापासून त्यांच्याबरोबर गिटार धरायचा. त्यामुळे पुढे लोक त्याला म्हणायला लागले की तू किती प्रकार मिसळतोस, तेव्हा त्याने मिसळलं असं काही नव्हतंच, घरी जे ऐकलं तेच वाजवत होता. 'गेटमाउथ' हे नाव शाळेत पडलं, कुणी मास्तर म्हणाले की तुझा आवाज फाटकासारखा आहे.

आता १९४७ ची ह्यूस्टनची रात्र, ही गोष्ट मला फार आवडते. डॉन रोबी नावाच्या माणसाचा क्लब होता, ब्रॉन्झ पीकॉक. काळ्या लोकांचा, एकदम झोकदार. त्या रात्री टी-बोन वॉकर वाजवत होता, इलेक्ट्रिक ब्लूज गिटारचा तो बादशहाच, पण त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि तो गिटार स्टेजवर ठेवून आत निघून गेला. हा तेवीस वर्षांचा ब्राउन उठला, सरळ स्टेजवर चढला, वॉकरचीच गिटार उचलली आणि तिथल्या तिथे एक बूगी, म्हणजे उडत्या ठेक्याचं ब्लूज, रचून वाजवायला लागला. तो स्वतः सांगायचा की पंधरा मिनिटांत लोकांनी सहाशे डॉलर टाकले. वॉकरला राग आला, येणारच, पण रोबी खूश झाला, ब्राउनला लॉस एंजेलिसला नेऊन तिथल्या एका कंपनीसाठी रेकॉर्डिंग करवलं, आणि त्या कंपनीशी पटेना तेव्हा १९४९ मध्ये स्वतःची पीकॉक रेकॉर्ड्स काढली. म्हणजे पुढे एवढी मोठी झालेली कंपनी एका गिटारिस्टसाठी सुरू झाली!

आता वाजवण्याबद्दल, इथे जरा थांबूया, कारण गिटार शिकणारे बरेच जण बसलेत. पहिली गोष्ट, पिक नाही, म्हणजे तारा छेडायची ती छोटी पट्टी नाही, सगळं उघड्या बोटांनी. दुसरी गोष्ट कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. आपल्याकडे कॅपो म्हणजे नवशिक्याची सोय असं काही जण समजतात, तो समज आजच सोडा. ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट असे सूर सोयीचे, गिटारच्या मोकळ्या तारा तिथे जुळत नाहीत, कॅपो लावला की जुळतात, मग मोकळ्या तारेची ती टणटण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यातही वेगळी ऐकू येते. आणि ब्राउन विचारच फुंकून वाजवणाऱ्यासारखा करायचा, छोटा तुकडा, श्वास, मग पुन्हा तुकडा. आपण सगळे इथेच चुकतो, जागा दिसली की भरून टाकतो.

साठचं दशक वाईट गेलं, १९६६ मध्ये टीव्हीवर काम मिळालं पण फार टिकलं नाही, मग न्यू मेक्सिकोला जाऊन तो चक्क डेप्युटी शेरीफ झाला, म्हणजे पोलिसात. सत्तरच्या दशकात युरोपने त्याला पुन्हा बोलावलं, १९७९ मध्ये सोव्हिएत रशियाचा दौरा झाला, त्याच वर्षी कंट्रीवाल्या रॉय क्लार्कबरोबर अल्बम आला. एक काळा टेक्सन आणि एक गोरा कंट्री स्टार, दोघं शेजारी बसून वाजवतायत, मला त्यात दोघांचाही आनंद ऐकू येतो. पुढे 'ऑलराइट अगेन'ला ग्रॅमी मिळालं, तेही पारंपरिक ब्लूजचं! बिचाऱ्याच्या नावावर शेवटी तीच चिठ्ठी चिकटली.

२००४ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तरी तो वाजवत राहिला. ऑगस्ट २००५ मध्ये कटरिना वादळ आलं, त्याचं लुइझियानातल्या स्लायडेलचं घर पार गेलं, तो आधीच तिथून निघून ऑरेंजला आला होता आणि १० सप्टेंबरला तिथेच वारला, ८१ वर्षांचा. त्यानंतर २००८ च्या आयक वादळात दफनभूमीत पाणी शिरून शवपेट्या वर आल्या, त्यात त्याचीही होती. परत पुरावं लागलं त्याला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही ऐकू शकलो नव्हतो.

असो. आता १९५९ चं 'जस्ट बिफोर डॉन' लावतो, यात गिटारकडे नाही, फिडलकडे लक्ष द्या, आणि सुरुवातीलाच बो, म्हणजे फिडलचा गज, कसा ओढतो ते ऐका, आवाज थोडा वाढवा कुणीतरी.