नव्याचे नऊ महिने

(दृश्य: लाकडी टेबल, खिडकीतून येणारा उजेड. टेबलावर धातूचं झाकण असलेलं एक चपटं यंत्र. हात येतो, झाकण सरकवतो.)

निवेदन:

लांबून पाहिलं तर शाळेतली कंपासपेटी वाटावी. झाकण सरकवून काढायचं, उलटं करून पाठीमागे बसवायचं, की पडदा उघडा. झाकणात लोहचुंबक आहे. ते परत पुढे बसवलं की पडदा आपोआप मिटतो. ज्यानं कोणी हे झाकण सुचवलं, त्याला शाबासकी द्यायला हवी.

हा नोकिया ७७०. मे २००५ मध्ये न्यूयॉर्कला जाहीर झाला आणि वर्षअखेरीला बाजारात आला. अमेरिकेत किंमत ३६० डॉलर. कंपनीनं त्याला नाव दिलं ‘इंटरनेट टॅब्लेट’. फोन बनवण्यात तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या फिनलंडच्या या कंपनीनं एक यंत्र काढलं, आणि त्यातून फोनच करता येत नाही! सिमकार्डाला जागाच नाही. वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि ८०० बाय ४८० ठिपक्यांचा, ४.१ इंची पडदा. २००५ साली खिशात मावणाऱ्या वस्तूवर एवढी स्पष्ट अक्षरं दिसणं ही चैन होती. आत लिनक्स, ही कोणालाही उघडून बघता येणारी संगणकप्रणाली. तिच्या डेबियन नावाच्या एका प्रकाराच्या पायावर उभारलेली ‘मेमो’ नावाची प्रणाली, आणि ती उघडून बघायला, दुरुस्त करायला बऱ्याच अंशी मोकळीक.

ज्यांनी हा घेतला ते बहुतेक हौशी लोक होते. प्रोग्रॅम लिहिणारे, रात्री जागणारे, यंत्र विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बिघडवून पुन्हा सुरू करणारे.

आपली गोष्ट सुरू होते डिसेंबर २००६ मध्ये. यंत्र हातात येऊन साधारण वर्ष झालंय, आणि कुजबूज सुरू झाली आहे की नवं येतंय.

(दृश्य: सरकारी अर्जाचा नमुना. कॅमेरा हळूहळू एका रकान्यावर.)

ही कुजबूज येते कुठून? अमेरिकेत एफसीसी नावाचं सरकारी खातं आहे. ज्या वस्तूतून रेडिओलहरी निघतात, ती विकण्याआधी त्या खात्याच्या नियमांनुसार तपासून मंजूर करून घ्यावी लागते. तपासणीचे अहवाल, लेबलाचा आराखडा, अँटेना कुठे आहे याची नोंद, असे बरेच कागद मग सगळ्यांना पाहता येतात. फोटो काही काळ झाकून ठेवण्याची मुभा कंपनीला असते, पण सगळंच झाकता येत नाही. त्यामुळे जगातल्या कितीतरी गुपितांना पहिलं भोक पडतं ते याच दफ्तरात. ७७० चा तिथला सांकेतिक क्रमांक होता एसयू-१८. आता आरएक्स-३४ नावाचं काहीतरी दिसू लागलं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं झालं. वस्तू कोणी पाहिलेली नाही, आणि ती घ्यायची की नाही यावर कडाक्याचे वाद. यात फोन असेल. छे, फोन नसणारच. कीबोर्ड हवा. जीपीएस हवं. बॅटरी दुप्पट हवी. अफवेतल्या यंत्राला एक मोठा फायदा असतो. ते कधी अडकत नाही, तापत नाही, त्याची बॅटरी संध्याकाळी संपत नाही. हातातल्या यंत्राचे दोष मात्र आपल्याला तोंडपाठ.

आणि ७७० मध्ये दोष होतेच. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे स्मरणशक्ती, ६४ मेगाबाइट. तेवढ्यात प्रणाली, ब्राउझर आणि वर उघडलेलं पान, असं सगळं बसवायचं. एक हिशेब करून बघा. या पडद्याच्या आकाराचं एक चित्र, दर ठिपक्याला दोन बाइट धरले तर, पाऊण मेगाबाइट खातं. वेबपानावरचं चित्र येताना दाबून, लहान होऊन येतं, पण दाखवायचं म्हटलं की ते पूर्ण उलगडावं लागतं. अशी दहा-वीस चित्रं असलेलं लांबलचक पान उघडा, वर दुसरी खिडकी उघडा, की यंत्राचा श्वास कोंडतो. प्रोसेसर होता सुमारे अडीचशे मेगाहर्ट्झचा. त्याच्याकडून धावण्याची अपेक्षा ठेवायची म्हणजे बैलगाडीला हॉर्न बसवायचा.

लोकांनी उपाय काढला. मेमरी कार्डाचा एक कोपरा राखून ठेवायचा आणि यंत्राला सांगायचं, हीसुद्धा तुझीच स्मरणशक्ती समज. २००६ च्या नव्या आवृत्तीत तर ही सोय थेट सेटिंगमध्येच आली. उपयोग व्हायचा. पण कार्ड ते कार्ड, वेग यथातथाच. स्वयंपाकघरात ओटा पुरत नाही म्हणून अर्धी भांडी गॅलरीत ठेवावीत, तसं. जागा होते, पण दर वेळी उठून जावं लागतं.

दुसरी अडचण जास्त बोचरी. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलनं यूट्यूब १६५ कोटी डॉलरना विकत घेतलं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी व्हिडिओ आले. यूट्यूबला तेव्हा फ्लॅशची, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, सातवी आवृत्ती लागायची. ७७० मध्ये होती सहावी. म्हणजे वर्षापूर्वी ‘संपूर्ण इंटरनेट तुमच्या हातात’ म्हणून घेतलेलं यंत्र, आणि इंटरनेटवर सगळे जिथे गेले होते नेमका तोच दरवाजा बंद.

तर डिसेंबर २००६ चा प्रश्न असा. यंत्र आज विकून टाकायचं, अजून बरी किंमत येतेय तोवर? की थांबायचं? की अफवेकडे पाठ फिरवून आहे त्यात सुखी राहायचं? आणि ज्यानं अजून ७७० घेतलेलाच नाही, त्यानं काय करायचं?

कंपनीला विचारावं, तर कंपन्या अफवांवर बोलत नाहीत. त्या का बोलत नाहीत, यासाठी जरा मागे जाऊ.

(दृश्य: शिवणयंत्राच्या पेटीएवढा संगणक, मधोमध पाच इंची पडदा.)

हा ऑसबोर्न-१. एप्रिल १९८१. किंमत १,७९५ डॉलर, वजन जवळजवळ अकरा किलो, आणि तरी याला ‘उचलून नेता येण्यासारखा’ संगणक म्हणायचे. नेणाऱ्याचा हात काय म्हणत असेल ते सोडा. बनवणारे ॲडम ऑसबोर्न यांचं बालपण आपल्याकडचं. जन्म बँकॉकचा, पण वाढले तमिळनाडूत तिरुवण्णामलईला. वडील रमण महर्षींचे भक्त होते. ऑसबोर्न पुढे अमेरिकेत गेले, आधी पुस्तकं काढली, मग संगणक. खूप खपला.

१९८३ मध्ये त्यांनी पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलबद्दल वेळेआधीच बोलायला सुरुवात केली. दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या. नवं येतंय तर जुनं कशाला भरून ठेवायचं? सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आजही या प्रकाराला धंद्यात ऑसबोर्नचंच नाव आहे. खरं तर दोष फक्त त्या बडबडीचा नव्हता. कायप्रोसारखे स्पर्धक आले होते, आयबीएमच्या पीसीनं बाजाराचा रंग पालटला होता, कंपनीचे हिशेब ढिसाळ होते. पण गोष्ट टिकली ती बडबडीचीच. ऑसबोर्न आयुष्याच्या शेवटी भारतात परतले. २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांचं निधन झालं.

तेव्हापासून तोंड बंद ठेवणं हा या धंद्याचा धर्म झाला. गिऱ्हाइकाला उरतो तो एफसीसीचा कागद आणि तर्क.

(दृश्य: लास वेगासचे दिवे. प्रदर्शनाच्या दालनातली गर्दी.)

८ जानेवारी २००७. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात आरएक्स-३४ चं खरं नाव कळलं. नोकिया एन-८००, किंमत ३९९ डॉलर. फोन नाही. कीबोर्ड नाही. जीपीएस नाही. पडदा तेवढाच. कडेला दाबलं की टुणकन बाहेर येणारा आणि हवा तसा फिरणारा कॅमेरा, दोन स्पीकर, एफएम रेडिओ, दोन एसडी कार्डांची जागा, मागे टेकू. ते धातूचं झाकण मात्र गेलं.

ज्यांनी महिनाभर स्वप्नं रंगवली होती त्यांचा हिरमोड झाला. पण यादीत खाली दोन कोरड्या ओळी होत्या. स्मरणशक्ती १२८ मेगाबाइट. फ्लॅश सातवं. माझ्या लेखी सगळा निकाल तिथेच लागत होता. कॅमेरा आठ दिवसांत विसरला गेला असता. पण ६४ चे १२८ झाले म्हणजे दुसरी खिडकी उघडताना श्वास रोखून धरायला नको. ही सुधारणा कार्ड घालून किंवा युक्ती करून ७७० मध्ये आणता येणारी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारीला, सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स व्यासपीठावर आले. तीन वस्तू एकत्र आणल्यात म्हणाले. आयपॉड, फोन, आणि तिसरी, इंटरनेटशी जोडणारं यंत्र. ही तिसरी वस्तू म्हणजे नोकियावाल्यांचाच पत्ता. त्या आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० चा, बाहेरच्या कोणाचे ॲप चालवण्याची सोय नाही, आणि किंमत कराराला बांधून घेऊन ४९९ डॉलरपासून. कागदावर बघितलं तर एन-८०० वरचढ होता. कागद आणि बाजार यांचं पुढे काय जमलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडच्या घाईवाल्यांचाही हात पोळलाच. जूनअखेरीला रांगा लावून ५९९ चा आयफोन घेतलेल्यांनी सप्टेंबरच्या पाच तारखेला पाहिलं, तर तोच ३९९ ला. आरडाओरडा झाला तेव्हा शंभर डॉलर परत मिळाले, तेही दुकानातच खर्च करायच्या बोलीवर.

(दृश्य: पुन्हा टेबल. ७७० चालू होतोय. प्रगतीची पट्टी सावकाश सरकते.)

आता जुन्याचं काय झालं ते पाहू. ७७० ची किंमत अर्ध्याहून खाली घसरली. ते एक वेळ ठीक, जुन्या वस्तूचं होतं तसं. पण एन-८०० बरोबर आलेली नवी प्रणाली अधिकृतपणे ७७० साठी मिळणार नव्हती. यंत्र बाजारात येऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. नंतर २००७ मध्ये कंपनीच्याच लोकांनी तिची एक ‘हॅकर आवृत्ती’ ७७० साठी सोडली. अटी स्पष्ट होत्या. घ्या, चालवा, बिघडलं तर आमच्याकडे येऊ नका. सावत्र आईच्या हातचं जेवण, पण जेवण मिळालं.

म्हणून डिसेंबर २००६ मधला माणूस समोर असता तर त्याला मी विचारलं असतं की बाबा, तू यंत्र घेतलंस की त्याच्यामागून येणारे सुधार घेतलेस? फक्त वाचायला, रात्री अंथरुणात चार पानं उघडायला घेतलं असशील तर अफवेकडे ढुंकून बघू नकोस. ७७० ची अक्षरं एन-८०० इतकीच स्पष्ट आहेत, आणि झाकण त्याहून चांगलं. पण प्रोग्रॅम टाकायला, नवं नवं करून बघायला घेतलं असशील, तर जाहीर होईपर्यंत थांब, मग उडी मार. अफवेवर उडी मारू नकोस.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. एन-८०० च्या वाट्याला नऊ महिने आले.

१७ ऑक्टोबर २००७. सॅन फ्रान्सिस्को. नोकिया एन-८१०, ४७९ डॉलर. सरकवून बाहेर येणारा कीबोर्ड, जीपीएस, उन्हात वाचता येईल असा पडदा. आधीच्या डिसेंबरात मागितलेल्यातलं कीबोर्ड आणि जीपीएस इथे होतं. पण स्मरणशक्ती तीच १२८, प्रोसेसर तोच. एफएम रेडिओ गेला, दोन कार्डांचं एक झालं.

गंमत पुढे आहे. एन-८१० साठी केलेली नवी प्रणाली या वेळी एन-८०० लाही मिळाली. आणि ती घातल्यावर जुन्या एन-८०० चा प्रोसेसर ३३० वरून ४०० मेगाहर्ट्झवर धावू लागला, फुकटात. तोच प्रोसेसर, आधी लगाम ओढून धरलेला. म्हणजे जानेवारीत ७७० वाला उपाशी राहिला, आणि वर्षअखेरीला एन-८०० वाल्याला न मागता पक्वान्न. कंपनी तीच, वर्ष तेच. यातून नियम काढायला जाणाऱ्याची फजितीच व्हायची.

पुढचं भरभर सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत नोकियाच्या आरी याक्सी यांनी मेमोची पाचवी आवृत्ती आणि नवा प्रोसेसर यांची कल्पना दिली. ऑगस्ट २००९ मध्ये एन-९०० जाहीर झाला, आणि त्यातून, चार वर्षांनी, फोन करता येत होता. ही पाच पायऱ्यांच्या योजनेतली चौथी पायरी, असं तेव्हा सांगण्यात आलं. ७७० पहिली. म्हणजे इतकी वर्षं लोक यंत्र म्हणून जे घेत होते, ती कंपनीच्या हिशेबात पायरी होती. एन-८०० आणि एन-८१० ला पाचवी आवृत्ती मिळाली नाही. हौशी मंडळींनी त्यांच्यासाठी ‘मेर’ नावाचा आपला उद्योग सुरू केला, आणि त्याचा धागा पुढे सेलफिश नावाच्या फोनप्रणालीपर्यंत गेला.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियानं मायक्रोसॉफ्टचा हात धरला. जिन्याचं काम तिथून गुंडाळलं जाऊ लागलं.

(दृश्य: दोन यंत्रं शेजारी शेजारी, पाठ वर. ७७० चं मागचं झाकण निघतं. बॅटरीवर अक्षरं: बीपी-५एल.)

७७० ची कार्डं लहान, वेगळ्या जातीची. ती एन-८०० मध्ये थेट बसत नाहीत. झाकण बसत नाही. ही बॅटरी मात्र बसते, जशीच्या तशी.

(दृश्य: बॅटरी एन-८०० मध्ये बसवली जाते. बटण दाबलं जातं. पडदा उजळतो.)

एन-८१० मध्ये बसत नाही.