सुईचं काही नाही, आयोडिनचं बोला

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'डोळ्यातलं इंजेक्शन किती काळ घ्यायचं?' त्याकडे येणारच आहे. पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या फायलीत वेट मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग बिघडवणारा आजार, लिहिलेला आहे आणि काहींचं पहिलं इंजेक्शन अजून व्हायचंय. म्हणून आधी माझं जुनं गाऱ्हाणं. आपल्याला सगळा धीर देतात तो सुईबद्दल. ज्याचा खरा त्रास होतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

सुईचं उरकून टाकते. ती अतिशय बारीक असते, औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. भुलीचे थेंब आधी घातलेले असतात. सुई बुबुळातून जात नाही. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून जाते. सांगतील तिकडे नजर ठेवलीत तर ती दिसतही नाही. थोडा दाब जाणवतो, झालं.

आता आयोडिन. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी इंजेक्शनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडिन घालतात. ते हवंच, 'मला नको' असं कोणीही म्हणू नका. पण ते बुबुळाच्या वरच्या नाजूक थराला झोंबतं, आणि ते कळतं भूल उतरल्यावर, म्हणजे घरी पोचल्यावर. पहिल्या खेपेला संध्याकाळी माझ्या डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. पापणी उघडवेना, पाणी थांबेना. डोळा गेला, असंच मी धरून चालले. घरच्यांनी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "असं होतंच." अहो, होतंच तर आधी सांगायला काय हरकत होती? दोन वाक्यांचं काम! ती रात्र मी आणि घरातल्या सगळ्यांनी विनाकारण भीतीत काढली. पुढच्या खेपेला मी स्वतःच सिस्टरना म्हटलं, "झाल्यावर डोळा नीट धुऊन द्या." त्यांनी दिला, आणि संध्याकाळ पुष्कळ सुसह्य गेली. तेव्हा तुम्हीही मागा. घरी घालायला अश्रूंसारखे थेंब चालतील का, तेही विचारून घ्या.

दुसरं, काळे गोळे. औषधाबरोबर कधी हवेचा बुडबुडा आत जातो. डोळ्यात तो वर तरंगतो, पण पडद्यावरचं चित्र उलटं पडत असल्यामुळे आपल्याला तो खाली डुगडुगताना दिसतो. एक-दोन दिवसांत विरघळतो. कोणाकोणाला दिसलेत? करा हात वर. बघा, अख्खं संमेलन भरलंय! पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग पडतो, तोही दिसायला भयंकर पण निरुपद्रवी. आठवडा-दोन आठवड्यांत जातो.

हे सगळं आधी सांगायला हवं, असं मी हट्टाने म्हणते त्याला कारण आहे. साधा त्रास कोणता हे ठाऊक असेल तरच घातक त्रास ओळखता येतो. पहिल्या दिवसाची जळजळ दुसऱ्या दिवशी कमी व्हायला हवी. दोन-चार दिवसांनी दुखणं वाढलं, लाली वाढली, उजेड सोसेना, नजर धूसर झाली, तर तो डोळ्याच्या आतला संसर्ग असू शकतो. हजारात एखाद्यालाही होत नाही, पण झालाच तर तासांचा हिशेब असतो. त्या वेळी "असं होतंच" म्हणून घरी बसणं परवडत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आता मुख्य विषय भराभर.

पडद्यामागे नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात. त्यांना वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला हे औषध अडवतं. २००६ साली अशाच एका औषधाच्या, रॅनिबिझुमॅबच्या, मोठ्या चाचणीचे निकाल आले. वर्षभरात मोठी दृष्टिहानी टळलेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ९५ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६२. पण औषधाचा असर ओसरतो आणि व्हीईजीएफ तयार होतच राहतं. म्हणून सुरुवातीला बहुधा महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं. मग ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या तपासणीत, पडदा कोरडा दिसला तर अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. पुन्हा पाणी दिसलं की कमी करतात. अनेकांचा उपचार वर्षानुवर्षं चालतो.

"आता छान दिसतंय" म्हणून थांबू नका. आपल्याला फरक कळण्याआधी ओसीटीत पाणी दिसू शकतं. "काही सुधारलं नाही" म्हणूनही मनाने बंद करू नका. आहे ती नजर टिकली, हाही उपचाराचाच गुण. पडद्यावर व्रण धरला की गेलेलं परत येत नाही. विड्या-सिगारेटी ओढत असाल तर त्या मात्र आजच सोडा.

आणि दुसरा डोळा! बाहेर टेबलावर अ‍ॅम्सलरच्या चौकटी, म्हणजे उभ्या-आडव्या रेघांचे कागद, ठेवल्यात, एकेक घेऊन जा. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. रेघ नव्याने वाकडी दिसली किंवा मधे काळा डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन करायचा.