आठवणीतला चेहरा, समोरचा चेहरा

खिडकीशी वडील बसले आहेत आणि त्यांच्या समोर मुलीने ईझल मांडले आहे. जन्मापासून पाहिलेला हा चेहरा तिला डोळे मिटूनही रेखाटता येईल आणि नेमकी हीच या कामातली अडचण आहे, कारण हात नकळत समोरचा चेहरा सोडून आठवणीतला चेहरा काढू लागतो.

म्हणून ती डोळे किलकिले करते. तसे पाहिले की नाक, ओठ, पापण्या ही ओळखीची नावे मागे पडतात आणि उजेड-सावलीचे आकार तेवढे उरतात. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने ती हे आकार कॅनव्हासवर मांडते व उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढते. या रंगात मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो. तैलरंग मुळात पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्यामुळे तळाच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त, हा क्रम उलटला, तर कमी तेलाचा वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि कालांतराने चित्राला तडे जातात.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने १८६६ मध्ये आपल्या मामाची अनेक व्यक्तिचित्रे पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, रंगाचे जाड थर लिंपून केली. त्यांत सुरकुत्या मोजलेल्या नाहीत, तरी माणसाचे वजन जाणवते. सुरकुत्या रेखल्याने चेहरा बोलका होतो, हा समज निदान या चित्रांपुढे टिकत नाही.

रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आईचे चित्र कृष्णधवल छायाचित्रावरून रंगवले. ते बेरंग छायाचित्र त्याला सोसवेना, म्हणून रंग त्याने आठवणीतून घेतले. आकारासाठी जी आठवण आड येते, ती रंगासाठी उपयोगी पडते. गालाखालच्या सावलीत मुलगी आता तपकिरीऐवजी मळकट हिरवा लावते आहे.

तासाभराने वडिलांची मान किंचित खाली येते, खांदे सैलावतात. ती त्यांना सावरून बसायला सांगत नाही. कपाळावरचा ओला रंग ती पॅलेट नाइफने खरवडते आणि डोके दोन बोटे खाली घेते.