नवापूर ते रावेर एवढे ऑलिम्पिक

श्रोते हो, नमस्कार. दसरा होऊन गेला, 2025 च्या ऑक्टोबरचे ऊन आम्हा भुसावळकरांना पुन्हा मे महिन्याची आठवण करून देत आहे, आणि अशा दिवसांत मी आपल्याशी बर्फाबद्दल बोलणार आहे. येत्या 6 ते 22 फेब्रुवारी 2026 या काळात इटलीत हिवाळी ऑलिम्पिक भरत आहे, आणि रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालो की एकदा ते प्रत्यक्ष पाहायचे, हे आमच्या घरात फार पूर्वीच ठरलेले होते. गेले चार महिने आम्ही उभयता त्याच तयारीत आहोत. या तयारीत जे उमगले आणि जे चुकले, ते सांगतो.

स्पर्धेचे नाव मिलानो कोर्तिना. ते ऐकून मिलान शहर आणि त्याला लागूनच असलेले कोर्तिना असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. आमच्याकडच्या एका सहल-एजंटाचाही तसाच समज झाला असावा, कारण मिलानला हॉटेल घेऊ आणि रोज जाऊन येऊ, असे त्यांनी मला चहा पाजून पटवले, आणि मीही आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो. घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा घाम फुटला. मिलान ते कोर्तिना हे अंतर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या घरात आहे आणि कोर्तिनाला रेल्वे जातच नाही. सर्व स्पर्धास्थळे मिळून साधारण 22,000 चौरस किलोमीटरच्या टापूत पसरलेली आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर सुमारे 25,000 भरते. म्हणजे जवळजवळ अख्ख्या खान्देशात एक ऑलिम्पिक मांडले आहे, असे समजा. नवापूरला आइस हॉकी, शहाद्याला बर्फावरच्या उड्या, रावेरला घसरगाडी. आणि मधल्या वाटेत तापीचे सपाट खोरे नव्हे, तर तीन हजार मीटरहून उंच डोंगर आणि त्यांतले वळणावळणाचे बर्फाळ घाट.

आगाऊ रकमेतली निम्मी परत मिळाली. उरलेली शिकवणीची फी म्हणून सोडून दिली.

तेव्हा जाणाऱ्याने आधी खेळ निवडू नये, आधी खोरे निवडावे, या मताला मी आलो आहे. बर्फाच्या मैदानावरचे स्केटिंग आणि आइस हॉकी मिलान शहरात आहे. ज्यांना थंडी सोसत नाही आणि संध्याकाळी शहरात परतायचे आहे, त्यांनी खुशाल तेवढेच पाहावे. पुरुषांचे डोंगरउतारावरचे स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या लावून बर्फावरून घसरणे, बोर्मिओला आहे, आणि स्की लावून डोंगर चढण्याचा खेळ या वेळी प्रथमच ऑलिम्पिकमध्ये येत आहे, तोही तिथेच. एकाच फळीवर उभे राहून घसरण्याचा स्नोबोर्ड लिविन्योला, हे गाव आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंचावर वसलेले आहे. स्त्रियांचे स्कीइंग, बर्फावर दगड सरकवण्याचा कर्लिंग आणि घसरगाड्या कोर्तिनाला.

आम्ही यांपैकी एकही घेतले नाही. आम्ही ऑस्ट्रियाच्या सीमेलगतचे अँथोल्झ निवडले, कारण तिथे बायथलॉन आहे. उतारावरच्या स्कीइंगमध्ये खेळाडू ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने येतो, आणि अंतिम रेषेजवळ उभ्या असलेल्या प्रेक्षकाला तो काही क्षण दिसतो. बाकी सगळे मोठ्या पडद्यावर. पडदाच पाहायचा तर घरची खाट काय वाईट? बायथलॉनचे तसे नाही. खेळाडू पाठीवर रायफल घेऊन बर्फावरून फेऱ्या मारतात आणि शेवटची फेरी सोडली तर साधारण दर फेरीला प्रेक्षकांसमोर येऊन पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या वर्तुळांवर नेम धरतात. निजून मारायचे वर्तुळ अवघे 45 मिलिमीटरचे असते, म्हणजे लिंबाएवढे, आणि उभ्याने मारायचे 115 मिलिमीटरचे. छाती भात्यासारखी चाललेली असताना श्वास आवरून हे करायचे. बहुतेक शर्यतींत नेम चुकला की दर चुकीला दीडशे मीटरची शिक्षेची फेरी, आणि तीही आपल्या डोळ्यांदेखत. पुढे निघालेला गडी तिथे गोल गोल फिरत राहतो आणि मागचे त्याला ओलांडून जातात. एका तिकिटात एवढा सगळा खेळ दिसतो.

तिकिटे संयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्यावीत. सर्वांत स्वस्त तिकिटे 30 युरोपासून निघाली होती. तिकीट कागदावर नसून मोबाइलमध्ये असते, आणि कडाक्याच्या थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन बाहेरच्या खिशात न ठेवता अंगाशी ठेवावा.

आता व्हिसा. इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा लागतो, त्याचे शुल्क प्रौढांना 90 युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहणारा माणूस गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोचतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा, आणि परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट तीन महिने चालू हवा. आमच्याकडे घोटाळा निराळाच निघाला. सौभाग्यवतींच्या पासपोर्टवर सासरचे नाव आणि बँकेच्या पासबुकावर अजून माहेरचे! लग्नाला चाळीस वर्षे झाली, पण बँकेला कोणी कळवलेच नव्हते. ते दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले. आपल्या भागात अशी घरे पुष्कळ असतील, त्यांनी ही तपासणी आजच करावी.

खोऱ्यात राहण्याचे दर परवडेनात, म्हणून मुख्य रेल्वेमार्गावरच्या ब्रेसानोने गावात खोली घेतली. वेरोनाहून ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या गाडीने तिथे पोहोचता येते, आणि पुढे फोर्टेझ्झाला गाडी बदलून ब्रुनिकोच्या शाखेवर जायचे. गाड्यांचा मेळ लावण्यात आयुष्य गेले असूनही मी इथे एकदा फसलो. तो प्रदेश दुभाषी आहे, आणि एकाच गावाला इटालियन व जर्मन अशी दोन नावे आहेत. अँथोल्झ म्हणजेच अँतेरसेल्वा, ब्रुनिको म्हणजेच ब्रुनेक, हे लक्षात येईपर्यंत मी एकाच गावाला दोन वेगळी स्थानके समजून वेळापत्रक लावत होतो.

कपड्यांविषयी बोलताना मला जरा संकोच वाटतो, कारण कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात बसून कापसाविरुद्ध बोलायचे आहे. सुती बनियन घाम शोषून घेते आणि तो लवकर सोडत नाही. चालणे थांबवून प्रेक्षागारात उभे राहिलो की तोच ओलावा अंग गारठवतो. म्हणून आतला थर लोकरीचा, मधला उबदार आणि सैल, बाहेरचा वारा अडवणारा. आमची थंडीची कल्पना सावद्याच्या केळीच्या शीतगृहापर्यंतच होती. तिथे तेरा-चौदा अंशांना मी शाल मागितली होती, आणि अँथोल्झला फेब्रुवारीतल्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो.

खाण्याची चिंता मात्र फारशी नको. मक्याच्या पिठाचा पोलेंटा तिकडे घरोघर असतो. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेले बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, न्यावेत. साजूक तूप आणि पेढे नेऊ नयेत, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. हे ऐकून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता.

नवे बूट तिकडे जाऊन पहिल्यांदा घालू नयेत, पाय सोलतात. त्यामुळे सध्या रोज सकाळी सातला आम्ही दोघे लोकरीचे मोजे आणि बर्फातले बूट चढवून गच्चीवर अर्धा तास फेऱ्या मारतो. शेजारच्या वहिनींनी पहिल्या दिवशी काळजीने विचारपूस केली, आता त्या कठड्याशी उभ्या राहून फेऱ्या मोजतात. व्हिसाकरता बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचे आहे, त्याचे रात्रीच्या गाडीचे आरक्षण कालच झाले. दोन्ही बर्थ खालचे मिळाले आहेत. नमस्कार.