जपानमधलं खिशाला परवडणारं जेवण

श्रोतेहो, नमस्कार.

जपानला जाऊन आलेली मंडळी हमखास सांगतात की तिथे बाहेर खायचं म्हणजे खिशाला चाट. टोकियोच्या गिंझासारख्या महागड्या भागात एखाद्या नामवंत सुशीवाल्याकडे बसलात तर बसेलच. पण टोकियोतला कारकून, ओसाकातला टॅक्सीवाला, क्योटोतला कॉलेजचा पोरगा, हे सगळे दुपारी बाहेरच जेवतात आणि त्यांचा महिना व्यवस्थित निघतो. ते जिथे जेवतात तिथे आपण जायचं, एवढंच.

सध्या 100 येन म्हणजे साधारण 55 ते 60 रुपये, हा हिशेब डोक्यात ठेवा.

स्टेशनातून बाहेर पडलं की हमरस्ता सोडून बाजूच्या गल्लीत शिरायचं. दारावर छोटा कापडी पडदा टांगलेला दिसला की दुकान उघडं आहे असं समजा. त्याला नोरेन म्हणतात. पडदा आत घेतला की दुकान बंद. आत जागा किती? कधी कधी आपल्या स्वयंपाकघराएवढी. एक लांब फळी, तिच्यापुढे आठ-दहा स्टुलं, आणि फळीच्या पलीकडे मालक स्वतःच कढईवर. वाढपी नाही, गल्ल्यावर माणूस नाही. इथल्या स्वस्ताईचं गमक मला तरी यातच दिसतं. काटकसर आहे ती जागेत, माणसांत आणि वेळेत. ताटाला ती शिवत नाही.

बऱ्याच दुकानांत दाराशीच कूपनांचं यंत्र असतं. आधी पैसे सरकवायचे. मग बटणं उजळतात, हवं ते दाबायचं, खालून चिठ्ठी आणि सुटे पैसे पडतात. सगळं जपानीत लिहिलेलं असेल आणि मागे रांग खोळंबली असेल, तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबून मोकळे व्हा. बहुतेक दुकानं आपला हातखंडा पदार्थ तिथेच ठेवतात. चिठ्ठी फळीवर ठेवली की पुढचं काम मालकाचं. नोटांची मात्र एक गंमत झाली आहे. जुलै 2024 मध्ये जपानने नव्या नोटा आणल्या आणि छोट्या दुकानदारांची पंचाईत झाली, कारण जुनं यंत्र नवी नोट ओळखेना आणि नवं यंत्र घेणं परवडेना. त्यामुळे खिशात थोडी नाणी आणि जमल्यास 1000 येनच्या जुन्या नोटा असू द्या.

आता ताटाकडे वळू. दुपारच्या जेवणाला तिथे तेइशोकु मागवतात. आपल्या खानावळीतल्या राइसप्लेटचीच ती बहीण. एका ट्रेमध्ये भाताचा वाडगा, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप, लोणच्याच्या दोन फोडी आणि एक मुख्य पदार्थ: भाजलेला मासा, नाहीतर आल्याच्या रसातलं डुकराचं मांस, नाहीतर तळलेलं चिकन. दर साधारण 800 ते 1000 येन. पाणी किंवा चहा फुकट, आणि काही ठिकाणी भातही पुन्हा घ्या म्हणतात. दुपारी साडेअकरा ते दोन ही वेळ साधा. तेच दुकान, तोच आचारी, पण संध्याकाळी बिल दुप्पट होतं.

त्याहून स्वस्त हवं असेल तर उभ्याने खायचा सोबा. स्टेशनच्या आवारात, कधी थेट फलाटावर त्याची टपरी असते. चिठ्ठी देताना फक्त ‘सोबा’ किंवा ‘उदोन’ म्हणायचं. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या बारीक शेवया, उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. मिनिटभरात वाफाळता वाडगा पुढे येतो. टोकियोत रस्सा काळपट आणि खारट, ओसाकाकडे फिकट. शेजारचा गृहस्थ सुर्र सुर्र आवाज करत ओढत असतो, तुम्हीही ओढा, कोणी वळून बघणार नाही. चारपाचशे येनमध्ये काम होतं आणि पुढची गाडीही मिळते.

गोल फिरणाऱ्या पट्ट्यावरची सुशीही याच काटकसरीतून आली. ओसाकाजवळच्या योशिआकी शिराइशी यांना दुकानात पुरेशी माणसं मिळेनात. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या आणि 1958 मध्ये तसाच पट्टा दुकानात बसवला. वाढपी कमी झाले, सुशी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

ग्यूदोन म्हणजे भातावर बीफचे पातळ काप आणि कांदा. योशिनोया ही त्याच्या दुकानांची जुनी साखळी, 1899 मध्ये टोकियोच्या निहोनबाशी मासळी बाजारात सुरू झालेली. बीफ खात नसाल तरी या साखळी दुकानांवर फुली मारू नका. सकाळी तिथे भाजलेला सामन मासा, भात आणि मिसो सूप अशी न्याहारी मिळते, तीही हॉटेलातल्या न्याहारीच्या कितीतरी कमी पैशांत.

शाकाहारी श्रोत्यांना मात्र खरं ते सांगायला हवं. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. सोब्याचा रस्सा, मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क, असतो, आणि तो बहुधा सुकवलेल्या माशाचा. वाडग्यात मासा दिसत नाही, म्हणून दुकानदारही प्रामाणिकपणे ‘यात मासा नाही’ म्हणून मोकळा होतो. सुशीच्या दुकानात काकडीची गुंडाळी, म्हणजे काप्पामाकी, मागवा. नाहीतर सरळ इंडियन रेस्टॉरंट गाठा. ते चालवणारे पुष्कळदा नेपाळी असतात, दुपारी करी आणि उशीएवढा नान देतात, नान संपला तर बऱ्याच ठिकाणी दुसरा फुकट. नान जरा गोडसर लागतो, पोळीची सर त्याला नाही, पण भुकेला चालतो. टोकियोत निशिकासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, मराठीही कानावर पडतं, तिथे तर चिंताच नाही.

आता पैशांच्या दोन बारीक गोष्टी. ऑक्टोबर 2019 पासून बसून खाल्लं तर कर 10 टक्के आणि बांधून नेलं तर 8 टक्के, म्हणून पाटीवर कधी दोन दर दिसतात. आणि रात्री इझाकाया, म्हणजे तिथल्या पिण्याच्या अड्ड्यावर गेलात, तर न मागता एक छोटी वाटी पुढे येते. तिला ओतोशी म्हणतात. तिचे तीनचारशे येन माणशी बिलात लागतात. फसवलं म्हणून भांडू नका, बसण्याची ती रीतच आहे. टिप मात्र कुठेही ठेवू नका, दुकानदार सुटे पैसे विसरलात म्हणून रस्त्यापर्यंत मागे धावत येईल. निघताना मालकाकडे बघून ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, एवढं म्हणा आणि स्टूल मोकळं करा. बाहेर रांग असते.

नमस्कार.