थांबण्याचं काम

(दृश्य: पहाट. ओला रस्ता. एक गाडी जवळून जाते.)

ऐकलंत? टायरांचा चुळचुळ आवाज आणि आत हलणारी खोकी. बस्स. पार्सलची ही गाडी विजेवर चालते.

घरोघर पार्सल देणारी गाडी दिवसभर धावते कमी, थांबते जास्त. पन्नास पावलं पुढे जायचं, खोकं काढायचं, जिना चढायचा, सही घ्यायची, पुन्हा निघायचं. डिझेल इंजिनाला याहून जाचक काम नाही. इलेक्ट्रिक मोटरला मात्र ते मानवतं. उभ्या गाडीत ती वीज खात नाही. बऱ्याच गाड्यांत तर ब्रेक लावला की तीच मोटर जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते.

ही काही आजची कल्पना नव्हे. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये दुधाच्या बाटल्या दारोदार जात त्या बऱ्याचदा बॅटरीवरच्या गाड्यांतून. शिशाच्या जड बॅटऱ्या, वेग बेताचा, पण पहाटे कुणाची झोप मोडत नसे. पुढे हलकी लिथियम बॅटरी आली आणि सायकलसुद्धा बॅटरीच्या जोरावर माल वाहू लागली.

(दृश्य: व्हॅन पार्किंग शोधतेय. बाजूनं कार्गो सायकल निघून जाते.)

लंडनमधल्या वाटपाचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्गो सायकलीवरून तासाला १० पार्सलं पोहोचली, व्हॅनमधून ६. व्हॅनचा वेळ जातो तो जागा शोधण्यात. सायकल थेट दाराशी उभी राहते.

पण एवढ्याशा गाडीत माल तो किती मावणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच गोदाम वस्तीजवळ आणावं लागतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये यूपीएस या पार्सल कंपनीनं २०१२ साली शहराच्या मध्यभागी गोदाम म्हणून कंटेनर ठेवला आणि तिथून पायी नि सायकलीनं वाटप सुरू केलं. माझ्या मते खरी युक्ती हीच. गाडी विकत मिळते, मोक्याची जागा मिळणं कठीण.

आणि गाडी हलकी म्हणून चालवणाऱ्याचं कामही हलकं, असं समजू नका. भरलेली सायकल उतारावर आवरताना मनगटं भरून येतात. पावसात तर विचारूच नका. चांगले ब्रेक, डोक्यावर छत आणि दोन फेऱ्यांमध्ये टेकायला जागा, एवढं त्यांना मिळायलाच हवं.

(दृश्य: छोटं गोदाम. हात जवळून दिसतात.)

दुपारची फेरी. उतरलेली बॅटरी बाहेर, भरलेली आत, खट्. मग खोकी रचायची. सगळ्यात शेवटी द्यायचं, ते सगळ्यात आत.